मेलने दिलेलं, मेलने काढून घेतलेलं

प्रति,
देशातल्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांचे अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि मनुष्यबळ विभागांचे प्रमुख यांस,



एप्रिल २०२० मध्ये, सगळा देश घरात बसलेला असताना, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने (टीसीएस) ‘२५ बाय २५’ नावाची घोषणा केली होती. २०२५ सालापर्यंत कंपनीतली फार तर २५ टक्के माणसं एका वेळी कार्यालयात असतील, आणि कुणालाही आपल्या कामाच्या वेळेपैकी २५ टक्क्यांहून जास्त वेळ तिथे काढावा लागणार नाही, असा तिचा अर्थ होता. साडेचार लाखांच्या आसपास माणसं असलेली कंपनी हे बोलली, म्हणून बाकीच्यांच्या घरीही त्यावर चर्चा झाल्या. कुणी वाकडचा फ्लॅट सोडला, कुणी सोलापुरात आईवडिलांच्या घरावर एक खोली चढवली, कुणी दुसऱ्या मुलाचा विचार पक्का केला.

पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. ऑक्टोबर २०२३ पासून त्याच कंपनीत आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात यायचं ठरलं. २०२४ मध्ये हजेरी बदलत्या पगाराला जोडली गेली. तिमाहीची हजेरी ६० टक्क्यांच्या खाली गेली की त्या तिमाहीचा बदलता पगार गेला. जुलै २०२५ मध्ये कंपनीने आपली दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. ‘२५ बाय २५’चं पंचविसावं साल हे असं उजाडलं.

मी त्या कंपनीत नाही. तिचं नाव घेतलं ते ती सगळ्यात मोठी आहे आणि तिने जे केलं ते उघडपणे केलं म्हणून. बाकीच्या बहुतेकांनी हेच केलं, फक्त जाहिरात न करता. निर्णय बदलला याबद्दलही माझं भांडण नाही. धंद्यात निर्णय बदलतात, माझ्या प्रोजेक्टमध्ये तर दर स्प्रिंटला बदलतात. माझं म्हणणं इतकंच आहे की २०२० पासून आमच्या कामाच्या जागेबद्दल आणि वेळेबद्दल जे जे ठरलं, त्यातलं काहीही आमच्या नेमणूकपत्रात उतरलं नाही. घरून काम करा, असा मेल आला. आठवड्यातून दोन दिवस या, असा मेल आला. तीन दिवस, मग पाच दिवस, मग स्वाइपचा तक्ता तुमच्या मॅनेजरला दर शुक्रवारी जाईल, असे मेल आले. जे दिलंत ते मेलने दिलंत आणि जे काढून घेतलंत तेही मेलनेच. हे पत्र त्याबद्दल आहे.

आधी तुमच्या पदरात जे टाकायला हवं ते टाकतो. २० मार्च २०२० रोजी राज्य सरकारने मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपुरातली खाजगी कार्यालयं बंद ठेवायला सांगितलं. पुण्यात पहिले रुग्ण ९ मार्चला सापडले होते. २४ तारखेला रात्री आठ वाजता देशभराची टाळेबंदी जाहीर झाली. या मधल्या दिवसांत पुण्याच्या हिंजवडी आयटी पार्कात जे घडलं ते कुणीतरी नीट लिहून ठेवायला हवं. ज्यांच्याकडे लॅपटॉप नव्हते त्यांचे टेबलावरचे डेस्कटॉप मॉनिटरसकट कॅबच्या डिकीतून घरी पोचवले गेले. डोंगल वाटले गेले. एरवी एका जास्तीच्या मॉनिटरला तीन सह्या लागतात. त्या आठवड्यात फोनवरच्या ‘हो’वर अख्ख्या मजल्यांची यंत्रं बाहेर पडली. ज्या ओडीसीमध्ये, म्हणजे एकेका क्लायंटसाठी राखलेल्या बंद दालनात, मोबाइलसुद्धा दाराबाहेर ठेवावा लागे, तिथलं बँकांचं आणि विमा कंपन्यांचं काम वन-बीएचकेमधल्या जेवणाच्या टेबलावर आलं आणि परदेशातल्या क्लायंटनी त्याला मान्यता दिली. दूरसंचार खात्याने १३ मार्चलाच नियम सैल केले होते, नोव्हेंबरात ते आणखी सोपे केले. सरकार, क्लायंट, कंपनी आणि कर्मचारी यांनी एकमेकांवर एवढा विश्वास टाकल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

तुमच्यापैकी काहींनी तेव्हा त्याहून मोठ्या गोष्टी केल्या. विप्रोने हिंजवडीतलं आपलं एक संकुल ४५० खाटांच्या कोविड रुग्णालयासाठी राज्य सरकारकडे दिलं. जुलै २०२० मध्ये रतन टाटांनी एका मुलाखतीत, साथीच्या काळात माणसं काढणाऱ्या कंपन्यांच्या वरिष्ठांची कणव कुठे गेली, असं रोखठोक विचारलं. तेव्हा वाटलं होतं की उद्योगाची भाषाच बदलते आहे.

आता आमच्या बाजूचं सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. गावी जाऊन काम करणारी कोकणातली मुलं प्रत्येक टीममध्ये होती. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागात विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. माझ्या टीममधला एकजण घराचे पत्रे उडालेले असताना लॅपटॉप पिशवीत गुंडाळून पनवेलच्या नातेवाइकांकडे पोचला आणि तिथून त्याने टेस्टिंग पुरं केलं. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं. एप्रिल-मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, आमचे प्रोजेक्टचे व्हॉट्सॲप ग्रुप दिवसभर ऑक्सिजन बेड आणि रेमडेसिविर शोधत होते आणि संध्याकाळी त्याच ग्रुपवर बिल्ड कधी जाणार हे विचारलं जात होतं. घरात मृत्यू झालेला असताना माणसं तेराव्याच्या आत लॉगिन करत होती. क्लायंटला गेलेल्या साप्ताहिक अहवालात त्या दिवसांची नोंद ‘मनुष्यबळ उपलब्धता : पिवळा’ एवढीच आहे. लाल होऊ दिला नाही, याचा आम्हाला तेव्हा अभिमानही वाटला.

त्या दोन वर्षांत तुमच्या कंपन्या बुडाल्या नाहीत. उलट जगभरच्या क्लायंटना घाईघाईने सगळं ऑनलाइन करायचं होतं, आणि कामाचा पूर आला. टीसीएसने २०२१-२२ या एका वर्षात लाखभर नवी मुलं घेतली. इन्फोसिसमध्ये नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण जून २०२२ च्या तिमाहीत २८.४ टक्क्यांवर गेलं, इतक्या संधी बाहेर होत्या. तेव्हा माणूस टिकवायला तुम्ही घरून कामाचं आमिष दाखवत होतात. मग मागणी ओसरली. २०२३-२४ मध्ये इन्फोसिसची माणसं सुमारे २६ हजारांनी आणि टीसीएसची तेरा हजारांवर घटली. परत बोलावण्याचे मेल नेमके याच काळात कडक होत गेले. सहकार्याची संस्कृती, नव्या कल्पना, समोरासमोरच्या गप्पा ही कारणं त्या मेलमध्ये होती. बाजार फिरला आणि आता तुम्हाला आमची मनधरणी करायची गरज उरली नाही, हे कारण त्यात नव्हतं.

कार्यालयाच्या बाजूनेही मला बोलायचं आहे, कारण घरून कामाचे भक्त ही बाजू ऐकतच नाहीत. २०२१ मध्ये लागलेल्या मुलांना मी जवळून पाहिलं आहे. त्यांना कोड लिहिता येत होता. पण क्लायंट कॉलवर गप्प झाला तर तो खूश आहे की चिडलाय, हे त्यांना कळत नव्हतं. ते शेजारच्या खुर्चीवरच्या सिनियरच्या तोंडाकडे बघून कळतं. चूक झाली तर कुणाला आधी सांगायचं, कुठल्या मेलला उत्तर द्यायचंच नाही, हे कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. शिवाय सगळ्यांची घरं काम करण्याजोगी नसतात. नवरा-बायको दोघं कॉलवर, मुलाची शाळा मोबाइलवर, सासूबाईंची मालिका बाहेरच्या खोलीत, अशा घरातून कार्यालयात परत यायला मिळालं तेव्हा कित्येक बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. म्हणून आठवड्यातून काही दिवस टीमने एकत्र बसावं याला माझा विरोध नाही, उलट आग्रह आहे.

पण तुमचं धोरण टीमला एकत्र बसवत नाही. माझ्या टीममधले निम्मे लोक चेन्नई आणि नोएडात आहेत. कोथरूडहून निघून, भूमकर चौकात अडकून, हिंजवडीच्या तिसऱ्या फेजमध्ये पोचायचं आणि हेडफोन लावून चेन्नईशी बोलायचं, याने कुठली संस्कृती रुजते हे मला कुणी अजून समजावलेलं नाही. त्यात जागा ॲपवर आदल्या रात्री बुक करायची. नाही मिळाली तर कँटीनमधल्या टेबलावर बसायचं, कारण स्वाइप झाला हे महत्त्वाचं. लोक स्वाइप करतात, कॉफी पितात आणि दुपारी निघतात. तुमच्या तक्त्यात ते शंभर टक्के हजर असतात. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल जुलै २०२० मध्ये, रस्ते ओस पडले असताना, मेट्रोसाठी पाडला. तुमची बोलावणी सुरू झाली तेव्हा जुना पूल गेलेला होता आणि नवा व्हायचा होता. गाड्यांच्या रांगेतल्या प्रत्येकाने याचा हिशेब मनात मांडला आहे. तुमच्या कुठल्याही मेलमध्ये तो मांडलेला मी पाहिला नाही.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्यापैकीच एकाने कबूल केली आहे. टीसीएसच्या २०२२-२३ च्या वार्षिक अहवालात तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख मिलिंद लक्कड यांनी लिहिलं की त्या वर्षी नोकरी सोडणाऱ्या बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होतं, आणि एरवी असं होत नाही. घरून कामाच्या काळात काही बायकांच्या घरची व्यवस्थाच बदलली, आणि नंतर ती पूर्ववत झाली नाही, असा त्यांचा अंदाज होता. मला हा अंदाज पटतो. पाळणाघर बंद झालं, कामवाली बाई गावी गेली ती आलीच नाही, सासऱ्यांना झटका येऊन गेला. दोन वर्षांत बसवलेली घडी पंधरा दिवसांच्या नोटिशीवर मोडा म्हटलं की राजीनामा कोण देणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. तीच नोटीस सहा महिन्यांची असती तर त्यातल्या बऱ्याच जणी आज तुमच्याकडे असत्या.

आता तासांबद्दल. या विषयावर तुम्ही मंडळी जेवढं बोललात तेवढं कशावरच बोलला नसाल. इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी एप्रिल २०२० मध्येच सांगितलं होतं की अर्थव्यवस्था सावरायला पुढची दोन-तीन वर्षं आठवड्याला ६० तास काम करायला हवं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांसाठी त्यांनी हा आकडा ७० वर नेला. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं ९० तासांचं बोलणं बाहेर आलं. रविवारी तुमच्याकडून काम करून घेता येत नाही याची खंत आहे, घरी बसून बायकोचं तोंड किती वेळ बघणार, असा त्यांचा सूर होता. त्यावर उद्योगपती हर्ष गोयंकांनी चिमटा काढला. आनंद महिंद्रांनी तासांपेक्षा कामाचा दर्जा पाहा म्हटलं, आणि आपल्याला आपल्या पत्नीकडे पाहत बसायला आवडतं असंही सांगून टाकलं. मूर्तींबद्दल पुण्यात आदर आहे. इन्फोसिस १९८१ साली इथेच सुरू झाली. पण त्याच इन्फोसिसने २०२५ च्या मध्याला, घरून काम करताना दिवसाला सव्वानऊ तासांच्या वर जाणाऱ्यांना, तब्येत सांभाळा म्हणून मेल पाठवायला सुरुवात केल्याच्या बातम्या आल्या. आजच्या कंपनीला जे कळलं आहे ते संस्थापकांना कुणीतरी कळवायला हवं.

या सगळ्या वादात गंमत अशी की आम्ही आज किती तास काम करतो हे तुमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही. टाइमशीटमध्ये क्लायंटला लावता येतील तेवढेच तास भरायचे असतात. आमच्याकडे त्याच्या वरचा आकडा टाकला तर सिस्टीम लाल खूण दाखवते आणि मॅनेजरला, म्हणजे मला, तो परत पाठवावा लागतो. वरचे तास क्लायंटच्या बिलात नसतात, पगारात नसतात आणि तुमच्या तक्त्यातही नसतात. महामारीआधी त्यांना निदान एक कुंपण होतं. साडेसहाची कंपनीची बस चुकू नये म्हणून मीटिंग संपायची. बस गेली आणि मीटिंगला शेवट राहिला नाही. प्रवासाचे दोन-अडीच तास वाचले, त्यातले थोडे आम्हाला मिळाले, बरेचसे तुम्हाला. आता प्रवास परत आला आहे, पण रात्री साडेनऊचा अमेरिकेचा कॉल आपल्या जागी तसाच आहे. घरून कामाच्या काळात लागलेली प्रत्येक सवय, जी आमच्या फायद्याची होती ती रद्द झाली आणि जी तुमच्या फायद्याची होती ती राहिली.

महाराष्ट्रात दुकाने आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा आहे. दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास ही त्यातली मूळ मर्यादा होती, त्यापुढे दुप्पट दराने मोबदला. तुमच्या काचेच्या इमारती या कायद्याच्या दृष्टीने आस्थापनाच आहेत. जुलै २०२४ मध्ये एका बड्या सल्लागार कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयात काम करणारी एक तरुण सनदी लेखापाल वारली. कामाच्या ओझ्याने माझी मुलगी गेली, असं पत्र तिच्या आईने कंपनीच्या अध्यक्षांना लिहिलं. कामगार खात्याची माणसं तपासणीला गेली तेव्हा आढळलं की त्या कार्यालयाची या कायद्याखाली नोंदणीच नव्हती, २००७ पासून. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मे २०२१ मध्ये, ऐन साथीत, एक अंदाज प्रसिद्ध केला होता: आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम केल्यामुळे पक्षाघात आणि हृदयविकाराने २०१६ या एका वर्षात जगात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसं दगावली. ६०, ७० आणि ९० हे आकडे बोलताना हा आकडा शेजारी ठेवून बोलावं.

विश्वासाचं म्हणाल, तर तोही दोन्ही बाजूंनी तपासू. ऑगस्ट २०२२ मध्ये विप्रोचे रिशद प्रेमजी यांनी दुसरीकडे काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना उद्देशून ही सरळसरळ फसवणूक आहे असं म्हटलं, आणि सप्टेंबरात विप्रोने असे ३०० जण काढल्याचं सांगितलं. जे प्रतिस्पर्ध्याचं काम करत होते त्यांची बाजू मी घेणार नाही. टेक महिंद्राचे तेव्हाचे प्रमुख सी. पी. गुरनानी मात्र म्हणाले होते की माणूस आपलं काम चोख करत असेल आणि फसवत नसेल, तर परवानगी घेऊन वरचे पैसे कमवायला हरकत नाही. तुमच्यात एकमत नव्हतं, ही मला चांगली खूण वाटली होती. पण त्याच वर्षी हजारो मुलं हातात ऑफर लेटर घेऊन घरी बसून होती. जॉइनिंगची तारीख महिनोन्‌महिने पुढे जात होती, काहींची वर्षाहून जास्त. त्यांनी त्या काळात दुसरी नोकरी धरली असती तर ती फसवणूक ठरली असती, आणि तुम्ही त्यांना ताटकळत ठेवलंत ती व्यावसायिक अपरिहार्यता. आमच्याकडून नव्वद दिवसांची नोटीस घेता, तेवढीच नोटीस पगार नसलेल्या त्या मुलांना का नाही दिलीत?

इथवर मी माझ्यासारख्यांबद्दलच बोललो, म्हणजे ज्यांना घर होतं आणि घरून करता येईल असं काम होतं. आता ज्यांना ते नव्हतं त्यांच्याबद्दल. ८ मे २०२० च्या पहाटे, तेव्हाच्या औरंगाबादजवळ करमाडला, रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांच्या अंगावरून मालगाडी गेली. जालन्यातल्या पोलादाच्या कारखान्यात काम करणारी ती माणसं भुसावळला गाडी मिळेल या आशेने चालत निघाली होती. त्याच सुमारास मालकांच्या संघटना केंद्रीय कामगार मंत्र्यांकडे कामगार कायदे दोन-तीन वर्षं स्थगित ठेवा आणि कामाचा दिवस बारा तासांचा करा, अशी मागणी करत होत्या. टाळेबंदीत पूर्ण पगार द्या, हा २९ मार्चचा केंद्राचा आदेश मे महिन्यात मागे घेतला गेला. गुजरातने साथीचं कारण देऊन बारा तासांचा दिवस लागू केला. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी तो आदेश रद्द ठरवला. साथ गेली पण मागणी गेली नाही. ३ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतला दिवस ९ वरून १२ तासांपर्यंत आणि दुकाने-आस्थापनांतला १० तासांपर्यंत वाढवायला मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा तशीच आहे आणि कामगाराची लेखी संमती लागेल, असं सांगितलं जातं. चाकणच्या शेडमध्ये ठेकेदाराकडे लागलेला मुलगा ही संमती कशी नाकारेल, हे सांगणारा कुणी मला भेटलेला नाही.

तुमच्या संकुलांतही अशी माणसं आहेत. गेटवरचे सुरक्षारक्षक, कँटीनमधली मुलं, हाउसकीपिंगच्या बायका, कॅबचे चालक. आम्ही घरी गेलो तेव्हा त्यांचं काम संपलं, कारण ते तुमचे नव्हते, ठेकेदाराचे होते. काही कंपन्यांनी त्यांचे पगार चालू ठेवले, बहुतेकांनी तो प्रश्न ठेकेदारावर सोडला. हिंजवडीलगतच्या माण आणि मारुंजीत ज्या घरमालकांनी कर्ज काढून पीजी बांधले होते त्यांची दैना तर तुमच्या कुठल्याच तक्त्यात येणार नव्हती, आणि ती तुमची जबाबदारी होती असंही मी म्हणणार नाही. पण ज्या बाई रोज तुमच्या मजल्यावरची फरशी पुसत होत्या त्यांची होती.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे, आणि ते फारसं खर्चाचं नाही. भारत सरकारचाच २०२४-२५ चा आर्थिक पाहणी अहवाल सांगतो की २०२३-२४ मध्ये मोठ्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला आणि त्यांच्यातला रोजगार १.५ टक्क्यांनी. पैशांची अडचण असती तर मी हे पत्र लिहिलं नसतं.

कायद्याची वाट पाहू नका, कारण कायदा तुमच्याकडेच बोट दाखवतो. सेवा क्षेत्रासाठी नमुना स्थायी आदेशांचा जो मसुदा केंद्राने २०२० च्या शेवटच्या दिवशी काढला, त्यात घरून कामाचा उल्लेख आहे. पण ते नेमणुकीच्या अटींना धरून, मालक ठरवील तेवढ्या काळासाठी. म्हणजे गाडी पुन्हा नेमणूकपत्रावर येऊन थांबते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं आता सक्तीचं आहे. सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन-मेलला उत्तर न देण्याच्या हक्काचं खासगी विधेयक २०१८ मध्ये मांडलं होतं, डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. हिंजवडी त्यांच्याच मतदारसंघात येते, तेव्हा त्यांना हा प्रश्न कुणी शिकवायला नको. पण संसदेत १९७० नंतर एकही खासगी विधेयक संमत झालेलं नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि आम्हालाही.

तेव्हा नेमणूकपत्रात लिहा. आठवड्यातले किती दिवस कार्यालयात यायचं तो आकडा लिहा. पाच असेल तर पाच लिहा, म्हणजे नोकरी घेणारा डोळे उघडे ठेवून घेईल. तो बदलायचा झाला तर किती महिने आधी सांगाल ते लिहा. आमच्याकडून तीन महिने मागता, तेवढे तरी द्या. रोजच्या कामाची वेळ लिहा, आणि टाइमशीटमध्ये खरे तास भरू द्या, मग ते क्लायंटला लावता येवोत की न येवोत. एकदा वर्षभर हे आकडे खरे आले की ७० तास हवेत की ४०, यावर तुमच्याशी वाद घालायला मी आनंदाने येईन. ठेक्यावरच्या माणसांचे पगार पुढच्या आणीबाणीत किमान किती महिने थांबणार नाहीत, ते ठेकेदाराच्या करारात लिहा. आणि ही कलमं प्रोजेक्ट मॅनेजरांनाही लावा. औद्योगिक संबंध संहितेत देखरेखीचं काम करणारा, महिन्याला १८ हजारांहून जास्त पगाराचा माणूस कामगारच धरला जात नाही. आमच्यासाठी तुमच्या नेमणूकपत्राखेरीज दुसरा कागदच नाही.

तुमचे वकील म्हणतील की असं लिहून दिलं तर हात बांधले जातात. बरोबर आहे, करार त्यासाठीच असतो. परदेशातल्या क्लायंटला तुम्ही सेवेची प्रत्येक पातळी, प्रत्येक मिनिटाचा विलंब आणि त्याचा दंड लिहून देता, आणि तो करार पाळण्यासाठी आम्ही रात्री जागतो. आमच्याशी तसाच करार करायला काय हरकत आहे?

येत्या एप्रिलमध्ये अप्रेझलची पत्रं निघतील. त्यांत पगारवाढीच्या आकड्याखाली ही चार-पाच कलमं घाला आणि सहीसाठी पाठवा.



आपला,
हिंजवडीतला एक प्रोजेक्ट मॅनेजर